आमवात: वैद्य उपचार कोणत्या क्रमाने लावतात आणि क्रम चुकला की काय होतं

चित्रकमूळ (धागाकर्ता)

आमवाताच्या रुग्णाला पहिल्याच भेटीत महानारायण तेलाची बाटली देऊन 'रोज चोळा' सांगितलं की समजावं, क्रम उलटा लागला. आठवड्याभरात सूज वाढते, सकाळी बोटं मिटेनाशी होतात आणि दोष येतो आयुर्वेदावर. तेल वाईट नाही, ते लवकर वापरलं हे वाईट. म्हणून हा धागा फक्त क्रमावर आहे.

आधी रोग नक्की करावा. 'संधिवात' या एका नावाखाली घरोघरी तीन वेगळे आजार नांदतात. पहिला संधिगत वात, म्हणजे झीज: गुडघे, कंबर, चालल्यावर दुखणं जास्त, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. दुसरा वातरक्त: त्यातला युरिक अ‍ॅसिडचा प्रकार बहुधा पायाच्या अंगठ्यापासून आणि एका रात्रीत भडकतो. तिसरा आमवात, ज्याच्याशी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस बराचसा जुळतो: दोन्ही हातांची बोटांची मुळं, मनगटं, पावलांचे छोटे सांधे, दोन्ही बाजूंना, ताठरपणा तासभर किंवा जास्त, सोबत अरुची, अंग जड, बारीक ताप. झिजेच्या गुडघ्याला पहिल्या दिवसापासून तेल लावलेलं चालतं. शेजारच्या काकूंना ज्याने बरं वाटलं ते इथे का चालत नाही, त्याचं उत्तर एवढंच.

माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे, पंचविसावा. कारणं तिथे स्पष्ट आहेत: विरुद्ध आहार, मंद अग्नी, हालचालीचा अभाव, स्निग्ध जेवून लगेच व्यायाम. अग्नी मंद झाला की न पचलेला रस म्हणजे आम तयार होतो आणि वायू त्याला कफाच्या स्थानांत, त्यातही सांध्यांत नेऊन बसवतो. उपचाराचा क्रम चक्रदत्त या ग्रंथाने दिला: लंघन, स्वेदन (शेक), कडू-तिखट-दीपन म्हणजे भूक वाढवणारी द्रव्यं, मग विरेचन (जुलाब), स्नेहपान (तेल-तूप पिणं), बस्ती (गुदमार्गाने औषध). स्नेह किती उशिरा आलाय बघा.

साम अवस्था, म्हणजे आम अजून शिल्लक आहे ती, ओळखण्यासाठी मी पाहतो त्या गोष्टी: जिभेवर सकाळी पांढरट चिकट थर, भूक नाही, तोंड बेचव, मल चिकट आणि वासाचा, सांधा सुजलेला आणि दाबल्यावर जड, ढगाळ हवेत जास्त त्रास, आणि तेल लावल्यावर वाढ. शेवटची खूण सगळ्यात खात्रीची. हे कमी होऊन भूक वेळेवर लागू लागली, अंग हलकं झालं, सूज उतरून नुसती वेदना आणि कोरडेपणा उरला, की निराम, म्हणजे आम गेलेला. तेलाची पाळी तेव्हा.

रानजाई

लंघन म्हणजे उपास ना? मग साबुदाणा, वरई, रताळं चालेल का? सासूबाई वजनाने जेमतेम ४२ किलो आहेत, त्यांना उपाशी ठेवायची भीती वाटते.

चित्रकमूळ

साबुदाणा अजिबात नाही. आपला उपास हा अग्नीच्या दृष्टीने मेजवानीच असते: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप. लंघन म्हणजे शरीर हलकं होईल असं खाणं. ४२ किलोच्या माणसाला पूर्ण उपाशी ठेवतच नाहीत, त्याला लघू अन्न आणि पाचन (आम पचवणारी औषधं) देतात.

प्रत्यक्षात असं: पाव वाटी मूग कोरडे भाजून घ्या. चार वाट्या पाण्यात शिजवून निम्मं आटवा, घोटून गाळा. त्यात दोन चिमटी सुंठ, सैंधव, हिंग आणि भाजलेलं जिरं. तुपाची फोडणी पहिले सात दिवस नाही. हे कढण सकाळी, आणि भूक खरी लागली तर रात्रीही. दुपारी ज्वारीची भाकरी किंवा भाजून घेतलेल्या जुन्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, पडवळ, दुधी, कारलं, शेवग्याच्या शेंगा, लसूण. बंद काय: दही, उडीद, श्रीखंड, शिकरण, मैदा, शिळं, फ्रिजचं पाणी. आणि दुपारची झोप. शेवटची सोडायला लोक सगळ्यात जास्त कुरकुरतात, पण बाकी पथ्य पाळून दुपारी दोन तास झोपलं की सांजेला बोटं पुन्हा जड झालेली असतात.

पाणी पंचकोलाचं. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, सुंठ समभाग भरड, त्यातली १० ग्रॅम ६४० मिली पाण्यात उकळून ३२० मिली ठेवायचं, कोमट घोट घोट प्यायचं. तोंड आलं, छातीत जळजळ झाली, लघवी तिडीक मारून होऊ लागली तर चित्रक-पिंपळी थांबवून नुसतं सुंठ-धण्याचं पाणी. पित्ताच्या प्रकृतीत हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास होतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस ठरवून घ्या, नाहीतर साखर खाली जाते. गरोदर बाईला हा क्रम लावायचाच नाही.

खलबत्ता

औषधं बनवणारा म्हणून काढ्याबद्दल थोडं. बहुतेक घरांत काढा म्हणजे चहासारखी पाच मिनिटांची उकळी असते, त्यातून काही उतरत नाही.

आमवातात नेहमीचा रास्नासप्तक: रास्ना, गुळवेल, बहाव्याचा मगज, देवदार, गोखरू, एरंडमूळ, पुनर्नवा. भरड २० ग्रॅम, पाणी ३२० मिली, मंद आचेवर, भांडं उघडं, उरवायचं ४० मिली. स्टीलचं भांडं घ्या, अ‍ॅल्युमिनियम नको. गाळून कोमट असताना त्यात १ ग्रॅम सुंठ घालून रिकाम्या पोटी. रोज ताजा. सकाळचा काढा रात्रीपर्यंत ठेवला तर आंबतो आणि पोट फुगतं. तोच चोथा पुन्हा उकळणं म्हणजे रंगीत पाणी पिणं.

भरड म्हणजे रव्याहून जाड. वस्त्रगाळ चूर्णाचा काढा केला तर तळाला लागतो, गाळला जात नाही आणि पचायला जड जातो.

खरेदीत दोन अडचणी. एक, रास्ना. उत्तरेकडे प्लुचिया या झाडाची पानं-मुळं मिळतात, केरळच्या औषधांत कुलिंजनाच्या जातीचा कंद असतो. दोन्ही 'रास्ना'च. म्हणून एका कंपनीचा काढा मानवला आणि दुसरीचा नाही असं होतं, त्यात रुग्णाचा भ्रम नसतो. दुसरी, सुंठ. दुकानातली पांढरीशुभ्र सुंठ चुन्यात घोळवलेली असते, ती नको. करडी, सुरकुतलेली, मोडल्यावर आत तंतू दिसणारी घ्या.

गुग्गुळाच्या गोळ्या: सिंहनाद गुग्गुळात त्रिफळा, शुद्ध गंधक, गुग्गुळ आणि एरंड तेल. एरंड तेल असल्याने पोट साफ ठेवतो, म्हणून आमवातात योगराज गुग्गुळाआधी बहुधा हा. गोळी दगडासारखी कडक असेल तर ती आख्खी शौचातून पडते. ठेचून कोमट पाण्याबरोबर घ्यावी.

सांधेजोड

मी आधुनिक बाजूचा, सांध्यांच्याच विषयातला. क्रमाबद्दल वाद नाही, पण धाग्यात अजून एक गोष्ट आलेली नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये हाडाला खड्डे पडायला पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरुवात होते, आणि पडलेला खड्डा कोणत्याच पॅथीने भरत नाही. सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली असेल तर सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (या दोन्ही शरीरातली सूज किती ते दाखवतात), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि हातापायांचा एक्स-रे करून घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून असतोच असंही नाही.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचं मुख्य औषध, आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या वारी. स्टेरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर एकदम बंद करायचं नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपलेलं असतं, रक्तदाब कोसळतो.

कडूकारलं

पण आमच्याकडचे एक वैद्य सांगतात की आधीची गोळी बंद केल्याशिवाय काढा लागूच पडत नाही. मग काय करायचं?

चित्रकमूळ

वैद्य बदलायचा. चालू औषधावर आपला क्रम सुरू करता येतो. दीपन-पाचन आणि पथ्याला मेथोट्रेक्सेटची काही हरकत नसते. गोळ्या कमी होतात त्या मागून आणि लिहून देणाऱ्याच्या हातून. साधारणपणे आधी वेदनाशामक, मग स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने, आणि मुख्य औषधाला सगळ्यात शेवटी हात. महिनोन् महिने सीआरपी शांत राहिल्याशिवाय तो विषयच काढायचा नाही.

उलट बाजूही सांगतो. वैद्याने दिलेलं काय आहे हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला कळलं पाहिजे. पुडीवर नाव नसेल तर नाव लिहून मागा. नाव न सांगणाऱ्याकडून औषध घेऊ नये.

सांधेजोड

बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत जादू झाली तर तीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. चेहरा गोल होणं, भूक भसाभस वाढणं, साखर चढणं आणि पुडी थांबवताच सगळे सांधे एकदम भडकणं ही त्याची चाल. काढ्या-गुग्गुळाचा गुण इतका झटपट येत नाही.

गुळवेलीबद्दलही बोला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकल्याचा मुद्दा मांडला होता. वाद आहे खरा, पण मेथोट्रेक्सेटही यकृतावरच भार टाकतं.

खलबत्ता

म्हणून गुग्गुळ किंवा गुळवेल सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्यावी, एवढा साधा नियम पाळला तरी पुरे. गुळवेल बोटाएवढ्या जाडीची, ओळखीच्या माणसाने तोडलेली घ्या, सारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. गुग्गुळ घेताना प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं शोषण कमी होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय नको.

अग्नितुंडी वटी लोक मुखवासासारखी विकत घेतात. तिच्यात शुद्ध कुचला (मुळात विषारी बी) बाकी सगळ्या द्रव्यांच्या बेरजेइतका असतो. औषध नियमांतल्या अनुसूची ई (१), म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतली द्रव्यं असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते, ती शोभेसाठी नाही. आमवातारी रसात पारा-गंधक आहे, तोही स्वतःहून घ्यायचा नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. परदेशातल्या मराठी मंडळींनी ऑनलाइन मागवताना हे डोक्यात ठेवावं.

शेकपोटली

वालुका स्वेदावर, म्हणजे वाळूच्या शेकावर, कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहिते. पंचकर्म विभागात रोजचं काम आहे आणि घरी करायला हेच सगळ्यात सोपं.

नदीची वाळू चाळणीने चाळा. फार बारीक कापडातून गळते, खडे टोचतात, मधली घ्या. धुऊन कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर वाफ येते, आणि इथे रूक्ष (कोरडा) शेक हवा. जुन्या सुती धोतराचा किंवा मांजरपाटाचा दुहेरी चौकोन, प्रत्येकात साधारण पाव किलो वाळू, दोन पोटल्या. सिंथेटिक कापड तव्यावर वितळतं. लोखंडी तव्यावर मंद आच, पोटली फिरवत तापवायची, मग आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला लावून बघायची. आपल्याला दोन सेकंद सोसवली तर रुग्णाला लावायची. तीन-चार मिनिटांत ती निवते, तोवर दुसरी तयार. एका जागी दाबून धरू नका, टेकवा-उचला करत पुढे सरका. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा, सकाळचा शेक ताठरपणाच्या वेळेतच. नंतर अर्धा तास पंखा आणि गार पाणी नाही.

कुठे नाही: सांधा लाल, स्पर्शाला गरम आणि आग होत असेल तर शेक थांबवा, तिथे पित्ताची जोड आहे. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना नको, भाजल्याचं कळतच नाही. आणि शेकाआधी 'थोडंसं तेल लावते' हा मोह नको, त्याने सगळ्यावर पाणी फिरतं.

रानजाई

धन्यवाद. निर्गुंडीची पानं अंगणातच आहेत, ती वापरू का?

शेकपोटली

पानं तव्यावर कोरडी गरम करून बांधली तर चालतात. तेलात परतलेल्या पानांची पोटली म्हणजे पत्रपिंड स्वेद, तो निराम झाल्यावर.

चित्रकमूळ

आता एरंड तेल. भावप्रकाशात आमवाताला हत्ती आणि एरंडस्नेहाला सिंह म्हटलंय, ते उगाच नाही. तेल असूनही हे एक साम अवस्थेत चालतं, कारण ते रेचक आहे, वातानुलोमन करतं (वायू खाली सरकवतं) आणि आम खाली ओढतं. सुरुवात ५ मिली, सुंठीच्या किंवा रास्नासप्तकाच्या काढ्यात, रात्री. दोन दिवसांनी पोट बघून १० मिली. रोज दोन-तीनदा जुलाब होऊन थकवा आला तर मात्रा जास्त झाली. पोटात मुरडा आला तर सुंठ कमी पडली. ज्यांना चव सोसत नाही त्यांना एरंड तेलात भाजलेलं हिरड्याचं चूर्ण, म्हणजे गंधर्व हरीतकी, ३ ग्रॅम. अशक्त माणसाला, मूळव्याधीतून रक्त जात असताना किंवा पोटात अल्सर असेल तर हे घरी करायचं नाही.

बस्ती हा आमवाताचा कणा, आणि तो घरी करण्याचा विषय नाही. तरी काय चाललंय हे रुग्णाला कळावं म्हणून लिहितो. वैतरण बस्तीत चक्रदत्ताच्या मापाने चिंच १ पल, गूळ अर्धा पल, सैंधव १ कर्ष, गोमूत्र १ कुडव आणि थोडं तेल. आजच्या मापात साधारण चिंच ४८ ग्रॅम, गूळ २४, सैंधव १२, गोमूत्र १९२ मिली. कोमट पाण्यात गूळ विरघळवून गाळतात, त्यात सैंधव, मग तेल थोडं थोडं घालत घोटतात, नंतर चिंचेचा कोळ, शेवटी गोमूत्र, आणि सगळं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करतात. थेट आचेवर नाही. तेल वर तरंगलं तर घोटणं कमी पडलं, असा बस्ती पोटात मुरडा आणतो. निरूह (काढ्याचा बस्ती) रिकाम्या पोटी देतात, वैतरण मात्र हलकं जेवल्यावर. डाव्या कुशीवर, हळू आणि एका लयीत. जोराने दाबलं की लगेच बाहेर. परत यायची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. आदल्या-मधल्या दिवशी सैंधवादी तेलाचं अनुवासन, म्हणजे तेलाचा बस्ती. हा आठ दिवसांचा योगबस्ती. वीस मिनिटांत 'बस्ती पॅकेज' उरकणाऱ्या ठिकाणी तयार बाटलीतलं द्रव्य वापरलं जातं का, हे विचारून घ्या.

कडूकारलं

हे सगळं सिद्ध झालंय का पण? म्हणजे आकड्यांत?

सांधेजोड

थोडं. पुण्यात झालेल्या चाचणीत १८२ रुग्णांवर १६ आठवडे अश्वगंधा, सालई, सुंठ, हळद यांचं मिश्रण विरुद्ध प्लॅसिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) असं पाहिलं, ते २००० मध्ये छापून आलं. सूज आणि आरए फॅक्टर यांत फरक दिसला, पण एकूण प्रतिसादात प्लॅसिबोवाल्यांनाही इतकं बरं वाटलं की फरक स्पष्ट उरला नाही. २०११ मध्ये कोइंबतूरची चाचणी छापून आली: ४३ रुग्ण, ३६ आठवडे, शास्त्रोक्त आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून असे तीन गट, गोळ्या कोणाला कुठल्या ते रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत नाही. तिन्ही गट साधारण सारखे निघाले. संख्या लहान, म्हणून त्यावरून गोळी सोडू नये. पण वैद्याला रुग्णागणिक औषध बदलायची मुभा देऊनही नीट चाचणी करता येते, एवढं तिथे दिसलं.

चित्रकमूळ

मान्य. पहिल्या चाचणीत सगळ्यांना एकच मिश्रण होतं, साम-निराम न बघता. आमचा आक्षेप नेमका तिथेच असतो.

सांधेजोड

आक्षेप बरोबर, पण मग साम-निराम मोजायची अशी पद्धत द्या की दोन वैद्यांनी एकाच रुग्णाला वेगवेगळं म्हणू नये. तोवर निदान हे तरी लिहून ठेवा: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, २८ ठरावीक सांध्यांपैकी सुजलेले किती आणि दुखरे किती, सीआरपी. आरए फॅक्टर दर महिन्याला करून पैसे घालवू नका, त्याचा आकडा आजाराबरोबर नीट चढत-उतरत नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून विचारतोय. आमवातात मासे बंद सांगतात, ते का? आणि पावसाळ्यात काय वेगळं?

चित्रकमूळ

मासे सरसकट बंद नाहीत. साम अवस्थेत बंद. नंतर छोटा ताजा मासा, तिरफळं आणि आलं घालून, पातळ आमटीत चालतो. दूध किंवा दह्याबरोबर कधीच नाही, आणि सुक्या खाऱ्याचं प्रमाण कमी. सोलकढी नारळाच्या दुधाने जड होते, नुसतं कोकमाचं सार घ्या. आंबट म्हणून तेही रोज नको.

पावसाळ्यात अग्नी मुळात मंद, त्यात दमट हवा. पंचकोल आणि सुंठ त्या चार महिन्यांत सोडायची नाही, ओले कपडे-ओली चादर टाळायची, वालुका स्वेद पुन्हा सुरू करायचा. बस्तीसाठी मात्र हाच ऋतू चांगला.

खलबत्ता

ताकाबद्दल माझं वेगळं मत. ताजं, लोणी पूर्ण काढलेलं, सुंठ-सैंधव घातलेलं ताक साम अवस्थेतही दुपारी दिलेलं चालतं, ते दीपन आहे. दही आणि ताक एकाच रांगेत बसवू नये.

चित्रकमूळ

लोणी पूर्ण काढलेलं असेल तर हरकत नाही. घरात मिक्सरमधून फिरवलेलं पातळ दही 'ताक' म्हणून देतात, म्हणून मी पहिले पंधरा दिवस बंदच सांगतो.

शेकपोटली

एक महत्त्वाचं राहिलं. जुन्या आमवातात मानेला मसाज, झटका, 'नस मोकळी करणं' कधीही नको. मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. मानदुखीसोबत हाताला मुंग्या, चाल लटपटणं असेल तर तेल-शेक सोडून आधी एक्स-रे.

सांधेजोड

त्यातच जोडतो. ताप आणि एकच सांधा अचानक लाल-गरम, डोळा लाल होऊन दुखणं, कोरडा खोकला आणि जिना चढताना नवा दम, यांपैकी काहीही झालं तर काढा-गुग्गुळ बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेथोट्रेक्सेटवर असताना तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा.

रानजाई

सासूबाईंची जीभ अजून पांढरी आहे, भूक थोडी सुधारली. तेल कधी सुरू करू?

चित्रकमूळ

अजून नाही. सलग आठवडाभर जीभ स्वच्छ, सकाळी भूक आणि सूज उतरलेली दिसली की एका मनगटाला दोन दिवस कोमट सैंधवादी तेल लावून बघा. तिसऱ्या दिवशी ते मनगट दुसऱ्यापेक्षा जड वाटलं तर थांबा, एरंड तेल आणि पंचकोल आणखी आठवडाभर. नाही वाटलं तर बाकीच्या सांध्यांना लावा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर त्याचा वार कोणता ते मात्र आजच पाकिटावर लिहा.